दोन-तीन अंशांचा उतार

मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ वर जातो, कधी त्याहूनही वर. त्याच दुपारी लातूर बहुधा दोन-तीन अंश खाली असते. दोन्ही शहरांत रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आतबाहेरचे अंतर. तीच काळी माती, तोच कातळ. सूर्यही दोघांच्या माथ्यावर मेच्या मध्यालाच येतो.

फरक उंचीचा आहे. गोदाकाठचे नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर, तर बालाघाटच्या पठारावरचे लातूर सुमारे ६३० मीटरवर. उन्हाळी दुपारी जमिनीलगतची तापलेली हवा वर चढते, पसरते आणि पसरताना निवते. हवा कोरडी असेल तर दर शंभर मीटरला जवळपास एक अंश उतरतो. पावणेतीनशे मीटरचा हिशेब केला की लातूरचे दोन-तीन अंश नेमके हाती येतात. म्हणूनच सखल नागपूर नांदेडच्या पंक्तीला बसते आणि साडेपाचशे मीटरच्या आसपासचे हैदराबाद लातूरच्या.

मुंबईकर ३४ अंशांतच कासावीस होतो, त्याचे कारण हवेतली वाफ. घाम सुकला तरच अंग निवते. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक हे चांगले दाखवतो. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना तो २४ च्या आसपास थांबतो. ३४ अंश आणि ६५ टक्के असताना २८ वर. म्हणजे मराठवाड्याचे ऊन पाण्याला वश होते. रांजण, माठ, वाळ्याचे पडदे आणि आता घरोघरचे कुलर, सारे याच एका गुणावर चालते. मुंबईत कुलर नुसता दमटपणा वाढवतो.

पण त्यासाठी पाणी हवे, आणि खरी तुलना इथे सुरू होते. नांदेडच्या उशाला गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे. लातूरला ज्या उंचीने दोन अंशांचा दिलासा दिला, त्याच उंचीने मोठी नदी दिली नाही. शहराची भिस्त धनेगावच्या मांजरा धरणावर. ते आटले तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. ज्या घरात प्यायच्या घागरीची चिंता, तिथे कुलरमध्ये पाणी कोण ओतणार? त्या उन्हाळ्यात नांदेडपेक्षा कमी तापमानाच्या शहराला ऊन जास्त सोसावे लागले, असे मी ठामपणे म्हणेन. पाऱ्याचा आकडा एकटा वाचू नये.

दुसरी गोष्ट छपराची. मराठवाड्यातली माळवदाची घरे, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर, दुपारभर ऊन अडवून धरत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तीच जड छपरे हजारो झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर लोकांनी माळवदाचा धसका घेतला, आणि तो रास्तच होता. त्या जागी सिमेंटचा स्लॅब आला, ऐपत नसेल तिथे पत्रे. पत्रा भूकंपात जीव वाचवतो आणि मेमध्ये घराची भट्टी करतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो. म्हातारी माणसे, बाळंतिणी, तान्ही मुले याच खोल्यांत दुपारी असतात, हे मनातून जात नाही.

अमेरिकेतले फिनिक्स उंचीने नांदेडच्याच पातळीचे, आणि हवाही तशीच कोरडी. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा रोज ४३.३ अंशांवर पोचला. घरोघरी एसी असूनही फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीत त्या वर्षी उष्णतेने ६४५ माणसे दगावली. बेघरांचे प्रमाण त्यात मोठे होते. आपल्याकडे रोहिणीत वळीव येतो, मिरगाचा पाऊस वेळेवर लागला की जूनच्या मध्यापर्यंत तलखी उतरते. फिनिक्सचा जुलै मात्र ऐन भरातला उन्हाळा असतो.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांच्या छपरांना पांढरा रंग देण्याची मोहीम घेतली. पत्र्यावर चुन्याचा दाट हात मारला तर आतली खोली काही अंशांनी उतरते. नांदेड-लातूरच्या पत्र्याच्या वस्त्यांत हे काम मार्चअखेरीला, उन्हे चढण्याआधी व्हायला हवे. चुना आपल्याच बाजारात मिळतो, आणि या गारव्याला पाणी लागते ते फक्त चुना कालवण्यापुरते.