सेन्सर अंधाराने जळत नाही

शटर अर्धा तास उघडं ठेवलं तर सेन्सर जळतो, असं नवशिके मला छातीठोकपणे सांगतात. मी त्यांच्यापुढे साधा हिशेब मांडतो. भरदुपारी आयएसओ १०० वर घेतलेला फोटो आणि रात्री आयएसओ ३२०० वर ३० सेकंद घेतलेला ताऱ्यांचा फोटो, दोन्ही सारखेच उजळ आले, तरी रात्री सेन्सरवर पडलेला प्रकाश ३२ पटींनी कमी असतो. मग जळणार कशाने?

रात्री त्रास होतो तो उष्णतेचा. सेन्सर सतत चालू राहिला की तापतो. त्या उष्णतेने सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन सुटतात आणि पिक्सेल त्यांनाही प्रकाशच समजून मोजतो. तापमान ६ ते ८ अंशांनी वाढलं की हा खोटा प्रकाश साधारण दुप्पट होतो. म्हणून मे महिन्यात काजव्यांचे फोटो काढताना काळ्या झाडीत लाल-निळे ठिपके दिसतात. जानेवारीत हरिश्चंद्रगडावर तोच कॅमेरा कितीतरी स्वच्छ चित्र देतो. खगोलशास्त्रज्ञ तर आपले सेन्सर शून्याच्या खूप खाली थंड करूनच वापरतात.

यावर उपाय कॅमेऱ्यातच असतो. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' चालू केलं, की पाच मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी पाच मिनिटं काळा फोटो घेतो आणि त्यातले ठिपके मूळ फोटोतून वजा करतो. कॅमेरा हँग झाला असं समजून बॅटरी काढू नका. ताऱ्यांच्या रेषा हव्या असतील, तर मात्र ही सोय बंद ठेवा, नाहीतर रेषा तुटक येतात. मी ३० सेकंदांचे फोटो सलग घेऊन नंतर जोडतो. मध्येच कुणी टॉर्च मारला तर एकच फोटो वाया जातो.

सेन्सरचे खरे शत्रू दोन. पहिला लेझर. विसर्जन मिरवणुकीतला एक झोत थेट लेन्समध्ये शिरला, तर क्षणात पिक्सेलची रांग कायमची मरू शकते. मिररलेसमध्ये तर फोटो काढत नसतानाही सेन्सर बहुधा उघडाच असतो. दुसरा शत्रू सूर्य. रात्रभर ट्रायपॉडवर लावलेला कॅमेरा पूर्वेकडे तोंड करून तसाच राहिला आणि तुम्ही झोपलात, तर ऊन चढल्यावर लेन्स त्याला भिंगासारखी भाजते. झोपण्याआधी लेन्सवर झाकण लावा. ठिपक्यांची काळजी नंतर केली तरी चालते.