फोटो काढले, पण लॅपटॉपवर येतायत कुठे?

कॉलेजच्या ट्रिपला किंवा डेजना हल्ली एक सीन हमखास दिसतो. सगळ्यांच्या हातात मस्त फोन असतात आणि ग्रुपमधला एखादा खिशातून चपटा, चंदेरी डिजिटल कॅमेरा काढतो. बाबांनी पंधरा-अठरा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला, मग फोन आल्यावर कपाटात मोज्यांच्या मागे गेलेला. त्याचा तो कडक फ्लॅश, थोडे फिकट रंग, सगळ्यांना पुन्हा आवडायला लागलेत. फोटो काढताना धमाल येते. घरी येऊन ते लॅपटॉपवर घ्यायची वेळ आली, की मग खरी परीक्षा सुरू होते. कॅमेरा जोडला, काहीच झालं नाही. काढला, पुन्हा जोडला, तरी काही नाही. आणि ग्रुपवर मेसेज पडायला लागतात, ‘अरे, फोटो टाक ना!’

तुमचंही असं झालंय? मग आधी एक गोष्ट ऐका.

माझ्या मामाची गिरगावातली चाळ रीडेव्हलपमेंटला गेली. खोल्या रिकाम्या करायच्या आदल्या संध्याकाळी सगळे बिऱ्हाडकरू गॅलरीत जमले होते. माझ्या मामेबहिणीने घरातला जुना डिजिकॅम काढला आणि जिना, नळ, कठड्यावरची तुळस असं सगळं टिपलं. शेवटी आजीला दारात उभं केलं. आजी लग्न होऊन आली ती याच दारातून. रात्री बहिणीने कार्ड लॅपटॉपला लावलं, तर स्क्रीनवर सूचना आली, की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. खाली दोन बटणं. दिवसभर सामान बांधून दमलेल्या बहिणीने पहिलं बटण दाबलं. साडेअकराला मला फोन आला, ‘दादा, सगळं गेलं रे!’

त्या फोटोंचं पुढे काय झालं ते सांगतोच. आधी नेहमीची दुखणी पाहू, कारण दहातल्या आठ वेळा प्रकरण इतकं गंभीर नसतंच.

पहिला संशय केबलवर

कॅमेरा जोडल्यावर लॅपटॉप ढिम्म राहिला, तर सगळ्यात आधी केबल बदला. यूएसबी केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि डेटा नेणाऱ्या वेगळ्या असतात. स्वस्तातल्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात डेटाच्या तारा नसतातच. अशा केबलने फोटो येणार कुठून? जुन्या कॅमेऱ्यांना बहुधा मिनी यूएसबी लागते, म्हणजे मायक्रोपेक्षा थोडी जाड पिन. काही कंपन्यांनी तर आपापली वेगळीच पिन ठेवली होती. त्यामुळे कॅमेऱ्याचं मूळ खोकं घरात असेल, तर ते शोधा. केबल बऱ्याचदा त्यातच सापडते.

केबल हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा. कॅमेरा चालू आहे ना, बॅटरी पुरेशी आहे ना, तेही बघा. काही कॅमेरे फोटो बघायच्या, म्हणजे प्लेबॅक मोडवर ठेवल्याशिवाय लॅपटॉपशी बोलत नाहीत. आणि कॉपी चालू असताना मध्येच बॅटरी संपली, तर कार्डावरचा हिशोब बिघडू शकतो. म्हणून आधी चार्जिंग, मग कॉपी.

जोडला गेला, पण दिसत नाही?

‘टुंग’ असा आवाज तर आला, पण पेनड्राइव्हसारखी ड्राइव्ह काही दिसत नाही. घाबरू नका. कॅमेरा कॉम्प्युटरशी दोन पद्धतींनी बोलतो. एक मास स्टोरेज, यात तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. दुसरी पीटीपी, यात त्याला ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, ‘धिस पीसी’मध्ये तो एक वेगळं उपकरण म्हणून दिसतो. त्यावर डबल क्लिक केलं, की आत फोटो. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेन्यूत ‘यूएसबी’ नावाची सेटिंग असते, तिथे पद्धत बदलून पाहता येते. मॅक असेल, तर त्यात आधीपासूनच असलेलं ‘इमेज कॅप्चर’ उघडा.

आत गेल्यावर ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर शोधा. कंपनी कुठलीही असो, डिजिटल कॅमेरे फोटो याच फोल्डरमध्ये ठेवतात.

कार्ड रीडर घ्या, पण बघून

खरं सांगायचं तर, कॅमेरा जोडण्यापेक्षा कार्ड काढून रीडरमध्ये घालणं केव्हाही सोपं. ना बॅटरीची काळजी, ना मोडची भानगड. मात्र कार्डांच्या जाती ओळखा. साधं एसडी कार्ड २ जीबीपर्यंतचं. त्यापुढे ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी आणि त्याच्या वर एसडीएक्ससी. तिन्ही दिसायला सारखी, पण जुना रीडर नवं कार्ड वाचेलच असं नाही. उलटही तेच. २००५ च्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचं कार्ड घातलंत, तर तो एरर दाखवून मोकळा होईल. ऑलिम्पस आणि फुजीफिल्मच्या काही जुन्या कॅमेऱ्यांत एक्सडी कार्ड असायचं, सोनीच्या कॅमेऱ्यांत मेमरी स्टिक. तुमच्या हातात यातलं काही असेल, तर रीडर घेताना दुकानदाराला कार्डच दाखवा.

कार्ड वाचलं जात नसेल, तर त्याचे सोनेरी पट्टे कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसा. मायक्रो एसडी अॅडॉप्टरमध्ये घातलं असेल, तर अॅडॉप्टर बदलून पाहा. दोष बऱ्याचदा त्याचाच असतो.

फोटो आले, पण सापडत नाहीत

हा प्रकार भारी आहे. कॅमेरा वर्षानुवर्षं कपाटात पडला, की त्याच्या आतली घड्याळाची छोटी बॅटरी उतरते आणि तारीख मागे जाते. तुम्ही काल काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या मते २००६ चा असतो. फोटोंची बरीच अॅप्स तारखेप्रमाणे फोटो लावतात. तुम्ही सगळ्यात वर शोधत बसता आणि फोटो तळाशी गप्प पडलेले असतात. म्हणून कॅमेरा बाहेर काढला, की आधी तारीख लावा.

दुसरी गंमत, कॅमेऱ्यात कार्ड न घालताच फोटो काढले, तर ते त्याच्या आतल्या इवल्याशा मेमरीत जातात. नंतर कार्ड घातलं, की ते दिसेनासे होतात. कार्ड काढून कॅमेरा केबलने जोडा, ते तिथेच असतात.

तिसरी गोष्ट जपण्याची. फाइलच्या नावातला आकडा ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. कार्ड बदलल्यावरही काही कॅमेरे नव्याने मोजू लागतात. कॉपी करताना ‘या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?’ असं विचारलं, तर पटकन हो म्हणू नका. नाव तेच असलं, तरी फोटो वेगळा असू शकतो. प्रत्येक वेळी नवा फोल्डर करा, तारीख आणि प्रसंग लिहून.

‘फॉरमॅट करू?’ विचारलं, तर थांबा!

आता गिरगावच्या त्या रात्रीकडे येऊ. ही सूचना आली, की रद्द करा, कार्ड बाहेर काढा. दुसऱ्या रीडरमध्ये, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहा. काही वेळा तेवढ्यानेच फोटो दिसतात.

आणि बटण दाबलं गेलंच असेल तर? समजा, एका जाड पुस्तकाची अनुक्रमणिका कुणी फाडून टाकली. कुठला धडा कुठल्या पानावर ते आता कळत नाही, पण पानं जागेवरच आहेत. फोटो डिलीट केल्यावर किंवा झटपट फॉरमॅट केल्यावर साधारण असंच होतं. जोवर त्या पानांवर नवं काही लिहिलं जात नाही, तोवर आशा असते. म्हणून पहिला नियम, त्या कार्डावर त्यानंतर एकही फोटो काढू नका.

मी बहिणीला तेच सांगितलं. कार्ड काढ, त्याच्या कडेची बारीक लॉकची कळ खाली ओढ, म्हणजे त्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही, आणि झोप. दुसऱ्या दिवशी आम्ही ‘फोटोरेक’ वापरलं. हे मोफत मिळतं, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं. दिसायला रूक्ष आहे, काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं. पण ते अनुक्रमणिका बघतच नाही, थेट पानं चाळतं. सापडलेले फोटो लॅपटॉपवर साठवायचे, त्याच कार्डावर मुळीच नाही. विंडोजवर ‘रेकुव्हा’ हाही पर्याय आहे.

तासाभरात फोटो यायला लागले. मूळ नावं गेली होती, क्रम विस्कटला होता. जिन्याचे आले, तुळशीचे आले. काही अर्धेच उघडले, खाली नुसती करडी पट्टी. आजीचे दारातले तीन फोटो होते. त्यातला एकच पूर्ण मिळाला. बहीण कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. चाळ आता नाही. तो दरवाजा पुन्हा उघडून आजीला तिथे उभं करता येणार नाही.

म्हणून एवढं कराच. कार्डावरचे फोटो कट करू नका, कॉपी करा. कॉपी झाल्यावर दोन-चार फोटो उघडून खात्री करा. मग आणखी एक प्रत हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवा. कार्ड काढण्याआधी ‘सेफली रिमूव्ह’ करा. आणि कार्ड रिकामं करायचंच असेल, तर या सगळ्यानंतर, कॅमेऱ्याच्याच मेन्यूतून.

आणि हो, तो कपाटातला कॅमेरा आज उघडाच. आत एखादं जुनं कार्ड असेल. नवे फोटो काढण्याआधी ते लॅपटॉपला लावून बघा. त्यात तुमच्या बालवाडीच्या गॅदरिंगचे फोटो असतील, किंवा अशा कुणाचे, ज्यांचा फोटो घरात दुसरीकडे कुठेच नाही.