पेशव्यांचा धनी

नगर रस्त्यावरचे आमचे वाघोली २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेले. पण वाघेश्वराच्या देवळाशी पाहुण्यांना नेले की पिलाजीराव जाधवरावांची गोष्ट निघतेच. १७२९ साली ते बाजीरावांबरोबर थेट बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीस धावले होते. मग मी हळूच विचारतो, “या दोघांचा धनी कोण?” बहुतेक मंडळी गप्प होतात. शाहू महाराजांचे नाव क्वचितच कुणाला आठवते!

शिवछत्रपतींचा हा नातू, संभाजीराजांचा मुलगा. १६८९ साली रायगड पडला, तेव्हा सात वर्षांचा हा पोर आई येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेला. अठरा वर्षांनी, औरंगजेबामागे १७०७ साली तो सुटला. आई मात्र ओलीस राहिली. स्वराज्यात पाऊल टाकताच समोर चुलती ताराबाईंची फौज! खेडला लढाई जिंकून १७०८ च्या जानेवारीत त्याने साताऱ्यास राज्याभिषेक करून घेतला.

महाराज आरामप्रिय होते, शिकारीचे आणि कुत्र्यांचे शौकीन होते, हे खरेच. स्वतः घोड्यावर बसून त्यांनी अटकेकडे दौड केली नाही. पण माणूस पारखण्याची नजर? १७१३ साली त्यांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली. १७१९ साली याच बाळाजींनी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या आणि येसूबाईंनाही सोडवून आणले. आईची कैद तीस वर्षांनी संपली! पुढच्याच वर्षी जुन्या दरबाऱ्यांचा विरोध असताना महाराजांनी पेशवाईची वस्त्रे एकोणीस वर्षांच्या बाजीरावास दिली. असा भरवसा टाकायला का थोडी छाती लागते?

आणि वैरी हाती आला तर? कोल्हापूरकर संभाजीराजे, त्यांचे चुलतभाऊ, लढाईत हरले. तरी महाराजांनी त्यांचे राज्य बुडवले नाही. १७३१ साली वारणेचा तह करून वारणेच्या दक्षिणेचा मुलूख त्यांच्याकडेच ठेवला.

१५ डिसेंबर १७४९ रोजी महाराज गेले. पोटी पुत्र नव्हता. पुढे कारभार पुण्याकडे गेला आणि कीर्तीही त्याच वाटेने गेली. बाजीरावांच्या शिक्क्यात मात्र आधी नाव शाहूराजाचे आहे, मग पंतप्रधानाचे.

या दिवाळीच्या सुटीत साताऱ्यास जाणे झाले, तर मुलांना घेऊन संगम माहुलीस जरूर जा. कृष्णा-वेण्णेच्या संगमाशी महाराजांची समाधी आहे. त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही आहे. मुले आधी कुत्र्याची गोष्ट विचारतील. ती सांगा, आणि मग त्याच्या धन्याचीही सांगा.