लढाईवरून आलेलं पत्र रद्दीत टाकण्याआधी

दोन्ही महायुद्धांत आपल्याकडची असंख्य माणसं परदेशी गेली. कुणी पलटणीत, कुणी बोटीवर. त्यांनी घरी पाठवलेली पत्रं काही घरांत आजही पेटीच्या तळाशी पडून आहेत. घर पाडायला काढलं की ‘वाचता तर येत नाही, ठेवून काय करायचं’ असं म्हणून ती रद्दीत जातात. नाहीतर एखादा व्यापारी तिकिटं पाहून थोडेफार पैसे हातावर ठेवतो आणि सगळं उचलून नेतो.

जगभरात लष्करी आणि आरमारी टपाल जमवणारे संग्राहक आहेत. ते एका लखोट्यात काय पाहतात, हे आपल्यालाही ठाऊक असायला हवं.

आपली माणसं कुठे होती?

पहिल्या महायुद्धात 10 लाखांहून अधिक हिंदी माणसं समुद्रापार गेली. मराठा पलटणींत तेव्हा मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या होत्या. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच ‘पुणे डिव्हिजन’ होतं. कूट-अल-अमारा इथे ही फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरण आली. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पिढ्यानपिढ्या मुंबईच्या बोटींवर खलाशी होते. युद्धात त्याच बोटींनी सैन्य आणि माल वाहिला आणि त्यातल्या कित्येक बुडाल्या.

लखोटा कसा वाचायचा?

पहिली गोष्ट तिकीट. 1900 साली चीनला गेलेल्या हिंदी फौजेसाठी साध्या हिंदी तिकिटांवर ‘सी.ई.एफ.’ ही अक्षरं छापली गेली. 1914 मध्ये पंचम जॉर्जच्या तिकिटांवर ‘आय.ई.एफ.’ आलं, म्हणजे ‘इंडियन एक्सपिडिशनरी फोर्स’. ही तिकिटं फ्रान्सपासून पूर्व आफ्रिका आणि मेसोपोटेमियापर्यंत वापरली गेली. सुटं तिकीट फार दुर्मिळ नसतं. खरी किंमत तिकीट, शिक्का आणि पत्ता एकत्र असलेल्या पूर्ण लखोट्याला असते. म्हणून तिकीट कापून काढलं, की अर्धी माहिती तिथेच गेली.

दुसरी गोष्ट शिक्का. लष्करी टपालावर गावाचं नाव नसायचं, ‘एफ.पी.ओ.’ म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस आणि त्याचा नंबर असायचा. फौज कुठे आहे हे शत्रूला कळू नये, हा हेतू. सैन्य पुढे सरकलं की टपाल कचेरीही सरकायची, नंबर मात्र तोच राहायचा. त्यामुळे नुसत्या नंबरावरून जागा सांगता येत नाही, तारीखही वाचावी लागते. संग्राहकांनी अशा नंबरांच्या आणि तारखांच्या याद्या केल्या आहेत. आजोबा त्या महिन्यात बसऱ्यात होते की मार्सेयला, हे त्यावरून कळू शकतं.

आरमारी टपालाचंही तसंच. जहाज कुठल्या बंदरात आहे हे लपवायचं, म्हणून बंदराच्या नावाऐवजी ‘हिज मॅजेस्टीच्या जहाजाकडून आलेलं’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मारत. दुसऱ्या महायुद्धात ‘मेरिटाइम मेल’ असे शब्द दिसतात.

तिसरी खूण सेन्सॉरची. ही आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची.

सेन्सॉरने काय वाचलं?

फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं तपासायला 1914 मध्ये वेगळी कचेरी उघडली गेली. तुर्कस्तान युद्धात उतरला होता, तेव्हा खलिफाच्या फौजेविरुद्ध लढताना मुसलमान शिपायाच्या मनात काय चाललंय, याची सरकारला विशेष काळजी होती. शिपायांनाही पत्र कुणीतरी वाचतंय हे माहीत होतं. म्हणून काही जण गोऱ्या सैनिकांना ‘लाल मिरची’ आणि हिंदी सैनिकांना ‘काळी मिरी’ म्हणत, आणि कुठली मिरची किती उरली ते घरी कळवत!

सेन्सॉरने यातल्या निवडक मजकुराचे इंग्रजी तर्जुमे केले. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रं मात्र गावोगावी पोचली आणि बहुतेक नाहीशी झाली. म्हणजे आपल्या माणसांचे शब्द उरले ते इंग्रजीत, तेही साहेबाला कामाचे वाटले तेवढेच. उर्दूत किंवा मोडीत लिहिलेलं मूळ पत्र एखाद्या घरात असेल, तर ते म्हणूनच मोलाचं. अनेक शिपाई निरक्षर होते, ते दुसऱ्याकडून लिहून घेत. तरी सांगणारा आपलाच माणूस होता.

मग करायचं काय?

तिकीट काढू नका, लखोटा आणि पत्र वेगळं करू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. घरातल्या बुजुर्गांना विचारा: कोणाचं पत्र, कोणाला, कुठून? उत्तरं कागदावर लिहून सोबत ठेवा. मशिदीतले किंवा मदरशातले जाणकार उर्दू वाचून देतील, मोडी वाचणारेही शोधले तर सापडतात.

विकायचं असेल तर विका, तो तुमचा हक्क. पण आधी वाचून घ्या आणि प्रत ठेवा. घाई करणाऱ्या व्यापाऱ्याला थांबवा, दुसऱ्याकडे किंमत विचारा. परदेशी पाठवायचं असेल तर जास्त सावध राहा. 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यात 75 वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं आणि कागदपत्रंही येतात, आणि अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

आणि पेटीत काहीच नसेल तर? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत नाव मोफत शोधता येतं. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये समुद्रात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे. पहिल्या युद्धातल्या 2,000 हून अधिक नावांना तिथे जागा मिळाली आहे. त्यांची कबर कुठेच नाही. इंग्रजी स्पेलिंग वेडीवाकडी आहेत, म्हणून नाव दोन-चार तऱ्हेने लिहून पाहा, गावाचं नावही टाकून पाहा. सापडलं तर घरातल्या मुलांना दाखवा.