‘दिवस बोडीत बुडते’: लहान मुलांना रात्रीबद्दल विचारताना

पीएचडीची तयारी करताय ना? मग प्रश्नावली छापायच्या आधी माझी ही चूक वाचा.

भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात मी पायलट मुलाखती घेत होते. सहा वर्षांच्या एका मुलीला विचारलं, "रात्र कशी होते?" ती म्हणाली, "दिवस बोडीत बुडते." बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं छोटं तळं. मी लगेच नोंद केली: ‘सूर्य पाण्यात जातो. चुकीची संकल्पना.’

माझ्या डोक्यात व्होस्नियाडू आणि ब्रुअर यांचा 1994 चा पेपर होता. त्यांनी अमेरिकेतल्या पहिली, तिसरी आणि पाचवीच्या 60 मुलांना दिवस-रात्रीबद्दल विचारलं होतं. लहान मुलांच्या उत्तरांत सूर्य डोंगरामागे जायचा, नाहीतर ढग त्याला झाकायचे. बोडीचं उत्तर त्या रकान्यात अगदी फिट बसलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या आईसोबत आम्ही बोडीच्या बांधावर बसलो. मी सहज म्हटलं, "मग पाणी गरम होत असेल ना गं?" ती हसायलाच लागली. "तसं म्हनतेत जी! तो तिकडच्या गावाले गेला."

इथं ‘दिवस’ म्हणजे सूर्य, आणि ‘दिवस बुडणे’ ही नुसती बोलायची रीत. आपणही ‘सूर्य मावळला’ म्हणतो, आपले मार्क कोणी कापत नाही. मी बोली ऐकली आणि समजूत म्हणून लिहून टाकली. नोब्स आणि पानागिओटाकी यांनी पृथ्वीच्या आकाराबाबत हाच आक्षेप घेतलाय: प्रश्न विचारायची पद्धत बदलली की मुलांच्या उत्तरांचं चित्रही बदलतं.

‘का’ आणि ‘कसं’ यांचंही तसंच. पियाजेच्या 1926 च्या पुस्तकात मुलं सांगतात की रात्र झोपण्यासाठी होते. मराठीत ‘रात्र का होते?’ म्हटलं की कारण आणि हेतू दोन्ही विचारले जातात. मग "झोपाले" हे उत्तर चूक कसं?

खरा धागा होता ‘तिकडच्या गावाले’. आम्ही तिच्या मुंबईच्या मामांना व्हिडिओ कॉल लावला. मुंबई भंडाऱ्याच्या जवळपास 7 अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, म्हणजे तिथं सूर्य साधारण अर्धा तास उशिरा मावळतो. इकडं अंधारत होतं, मामांच्या गॅलरीत अजून ऊन होतं. ती ओरडलीच!

फोन ठेवल्यावर कोणी घाई केली नाही. बेडूक सुरू झाले, पहिली चांदणी तिनंच दाखवली. मग म्हणाली, "मामाकडचा दिवस कोनत्या बोडीत बुडते?"

हे उत्तर नाही, प्रश्न आहे. माझ्या कोडिंग शीटमध्ये प्रश्नांसाठी रकानाच नव्हता. आता केलाय.