घास अंगी कसा लागतो?

(आपण खाल्लेल्या तेल-तुपाचे पचन कसे होते, हे कळायला माणसाला फार काळ लागला. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका साध्या निरीक्षणावरून या कोड्याची उकल कशी केली, याची माहिती या पाठात दिली आहे.)

पाण्याने भरलेल्या पेल्यात थोडे गोडे तेल टाका. तेल वर तरंगते. चमच्याने ते जोरात ढवळा. तेलाचे बारीक थेंब होतात. पण थोडा वेळ गेला, की ते पुन्हा एकत्र येतात आणि तेलाचा थर वर जमतो. तेल आणि पाणी यांचे काही जमत नाही.

आता आपल्या शरीराचा विचार करा. रक्तात पाण्याचा भाग मोठा असतो. पाचकरसही पाण्यासारखेच पातळ असतात. मग भाजीतले तेल, चपातीवरचे तूप, ईदच्या बिर्याणीतली चरबी शरीरात मिसळते तरी कशी?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. काही रुग्ण पोटभर जेवतात, तरी दिवसेंदिवस वाळत जातात. खाल्लेले तेल-तूप त्यांच्या शौचावाटे न पचताच बाहेर पडते. घास पोटात जातो, पण अंगी लागत नाही. अशा रुग्णांना बरे करायचे, तर घास अंगी कसा लागतो, हे आधी समजले पाहिजे.

या शोधाचा पहिला धागा इटलीत सापडला. १६२२ साली गास्पारे आसेल्ली या वैद्याने नुकत्याच जेवलेल्या एका कुत्र्याचे पोट उघडून पाहिले. आतड्याजवळच्या पातळ पडद्यावर त्याला पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे दिसले. प्रथम त्याला त्या नसा वाटल्या. त्याने एक दोरा कापला, तर त्यातून दुधासारखा पांढरा द्रव बाहेर आला! उपाशी कुत्र्याच्या पोटात मात्र असे दोरे दिसले नाहीत. म्हणजे हा पांढरा द्रव अन्नातूनच येत होता. त्या दोऱ्यांना आज आपण लसीकावाहिन्या म्हणतो. त्यांतला पांढरेपणा स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म थेंबांमुळे येतो. पण खाल्लेल्या चरबीचे असे दूध कोण बनवते, हा प्रश्न पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ नीट सुटला नाही.

क्लोद बेर्नार यांचा जन्म १८१३ साली फ्रान्समधील एका खेड्यात झाला. त्यांचे वडील द्राक्षांचे मळे पिकवत. तरुणपणी बेर्नार एका औषधविक्रेत्याच्या दुकानात काम करत; पण त्यांना नाटककार होण्याची हौस होती. आपले नाटक घेऊन ते पॅरिसला गेले. तेथील एका नामवंत समीक्षकाने ते वाचले आणि नाटकाऐवजी वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला. बेर्नार यांनी तो मानला. पुढे ते मॅजांदी या प्रसिद्ध शास्त्रज्ञांच्या हाताखाली प्रयोग करू लागले.

एके दिवशी प्रयोगशाळेत बाजारातून काही ससे आणले गेले. त्यांना टेबलावर ठेवताच त्यांनी तेथे मूत्र केले. दुसऱ्या कोणी ते पुसून टाकले असते. बेर्नार यांनी मात्र ते नीट पाहिले. ते स्वच्छ आणि आम्लधर्मी होते. गवत खाणाऱ्या प्राण्याचे मूत्र गढूळ आणि अल्कधर्मी असते. स्वच्छ आणि आम्लधर्मी मूत्र मांस खाणाऱ्या प्राण्यांचे असते. मग सशांचे मूत्र असे कसे?

बेर्नार यांनी तर्क केला : हे ससे बराच वेळ उपाशी असावेत. बाहेरचे अन्न न मिळाल्याने त्यांचे शरीर स्वतःच्याच मांसावर जगत असावे. पण नुसत्या तर्कावर त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी सशांना गवत दिले. काही तासांत मूत्र गढूळ व अल्कधर्मी झाले. पुन्हा उपाशी ठेवले, तर ते पूर्वीसारखे स्वच्छ झाले. शेवटी त्यांनी सशांना उकडलेले मांस खाऊ घातले. तेव्हाही मूत्र स्वच्छ आणि आम्लधर्मीच राहिले. तर्क खरा ठरला.

पण खरी गंमत पुढेच होती. मांस खाल्लेल्या सशांची शरीरे तपासताना बेर्नार यांना तेच पांढरे दोरे दिसले. कुत्र्यामध्ये हे दोरे जठर संपते तेथून जवळच सुरू होतात. सशामध्ये मात्र जठरापासून सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत एकही दोरा पांढरा नव्हता. त्यानंतरच्या भागात मात्र ते दुधासारखे पांढरे होते. असे का व्हावे? बेर्नार यांनी आतडे पुन्हा तपासले. नेमक्या त्याच जागी सशाच्या स्वादुपिंडाची नळी आतड्यात उघडत होती! कुत्र्यामध्ये ही नळी बरीच वर उघडते.

यावरून बेर्नार यांच्या मनात विचार आला, की चरबीचे दूध स्वादुरसच करत असावा. त्यांनी स्वादुरस मिळवून तो तेलात मिसळला. मिश्रण दुधासारखे पांढरे झाले आणि तेल पुन्हा वर आले नाही. थोड्या वेळाने मिश्रण आम्लधर्मीही झाले. म्हणजे स्वादुरस तेलाचे नुसते थेंब करत नव्हता, तर त्याचे रासायनिक विघटन करत होता. तोवर स्वादुपिंडाचे खरे काम नीट ठाऊक नव्हते. १८५६ साली बेर्नार यांनी आपले हे संशोधन सविस्तर प्रसिद्ध केले.

तरीही सशाची साक्ष अर्धीच होती. सशाचा पित्तरस आतड्यात बराच वर, जठराजवळ येतो. स्वादुरस येऊन मिळतो तेव्हा अन्नात पित्तरस आधीच मिसळलेला असतो. म्हणून त्याचे महत्त्व ध्यानात येत नाही. पुढे बेर्नार यांचेच शिष्य आल्बेर दास्त्र यांनी उलट प्रयोग केला. त्यांनी कुत्र्याचा पित्तरस शस्त्रक्रियेने आतड्यात बराच खाली सोडला. आता लसीकावाहिन्या पित्तरस मिळतो त्या जागेच्या पुढेच पांढऱ्या दिसू लागल्या. एकटा स्वादुरस पुरत नाही आणि एकटा पित्तरसही पुरत नाही. दोघांची जोडी हवी, हे यातून सिद्ध झाले.

आज हे काम आपल्याला अधिक तपशिलाने माहीत आहे. खरकटे, तेलकट भांडे साध्या पाण्याने निघत नाही. साबण लावला, की निघते. पित्तरसातील क्षार असेच साबणासारखे काम करतात. ते तेलाचे अगदी बारीक थेंब करतात. मग स्वादुरसातील लायपेज हे विकर त्या थेंबांचे विघटन करून मेदाम्ले वेगळी करते. हे तुकडे लहान आतड्याच्या आतील रसांकुरांत शोषले जातात. रसांकुरांच्या पेशींत त्यांपासून पुन्हा मेद तयार होतो. त्याच्या सूक्ष्म थेंबांवर प्रथिनांचे आवरण चढते. त्यामुळे ते पाण्यासारख्या द्रवातूनही प्रवास करू शकतात. लसीकावाहिन्यांतून वर चढत ते मानेच्या डाव्या बाजूजवळ रक्तात मिसळतात. तेथून मेद स्नायूंना मिळतो आणि उरलेला त्वचेखाली व इतरत्र साठतो.

एक ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पिष्टमय पदार्थापासून केवळ ४ मिळतात. म्हणून मेद ही शरीराची शिल्लक पुंजी होय. रोजाच्या दिवशी जेवणाची वेळ दूर असते, तेव्हा शरीर प्रथम यकृतात साठवलेली साखर वापरते आणि हळूहळू मेदाचा वापर वाढवते. यकृतातील या साठ्याचा शोधही बेर्नार यांनीच लावला! जीवनसत्त्वे अ, ड, ई आणि के हीदेखील मेदाबरोबरच शोषली जातात. म्हणून अति तेल-तूप जसे वाईट, तसे ते अजिबात न खाणेही वाईट.

बेर्नार यांचे प्रयोग जिवंत प्राण्यांवर होत. त्यांच्या पत्नीला ते मान्य नव्हते आणि पुढे ती दोघे विभक्त झाली. प्राण्यांच्या वेदनांचा हा प्रश्न खोटा नव्हता. भारतातही १९६० च्या कायद्याने अशा प्रयोगांवर बंधने घातली आहेत.

१८७८ साली बेर्नार यांचे निधन झाले, तेव्हा फ्रान्सने त्यांचा अंत्यविधी शासकीय इतमामाने केला. आज ज्या रुग्णाचे स्वादुपिंड काम करत नाही, त्याला डॉक्टर जेवणाबरोबर विकरांच्या गोळ्या देतात. त्याचे वजन हळूहळू वाढते, अंगात बळ येते. टेबलावरचे मूत्र पुसून न टाकता ‘असे का?’ म्हणून विचारणाऱ्या एका माणसाचा या बरे होण्यात मोठा वाटा आहे.

शब्दार्थ
उकल करणे – कोडे सोडवणे. अंगी लागणे – खाल्लेल्या अन्नाने शरीराला पोषण मिळणे. स्निग्ध – तेलकट. मेद – चरबी. विकर – पचनास मदत करणारा पदार्थ. रसांकुर – आतड्याच्या आतील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे. पुंजी – साठवलेले धन. इतमाम – मानसन्मान, थाट.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) उपाशी कुत्र्याच्या पोटात आसेल्लीला काय दिसले नाही?
(आ) लायपेज कोणत्या रसात असते?
२. कारणे लिहा.
(अ) बेर्नार यांनी सशांना मांस खाऊ घातले.
(आ) सशावरील प्रयोगात पित्तरसाचे महत्त्व ध्यानात आले नाही.
३. ‘अंगी लागणे’ व ‘उकल करणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तेल, पाणी व साबण घेऊन प्रयोग करा. काय दिसले, ते पाच ओळींत लिहा.