वर्दीवरचा विश्वास आणि मुंबईचा अनुभव

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार नगरात रबरी होडीतून उतरलेल्या तरुणांना सर्वांत आधी हटकले ते तिथल्या कोळ्यांनी. पाठीवर जड पिशव्या, अंगावर शहरी कपडे, हातात ना जाळे ना मासळी. तेव्हा तुम्ही कोण, कुठले, असे विचारणे साहजिक होते. उत्तर मिळाले ते दमदाटीचे, आणि ती माणसे रस्त्याकडे निघून गेली. पुढे १६६ जणांचे प्राण गेले. त्या दिवसांची आठवण आपण बहुधा कमांडोंपासून सुरू करतो: नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे जवान, ताजमध्ये धारातीर्थी पडलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन. त्यांच्या शौर्याचे मोल शब्दांत होणार नाही. पण जिवंत हाती लागलेला एकमेव हल्लेखोर गिरगाव चौपाटीवर पकडला गेला. त्याची बंदूक छातीशी घट्ट धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे हे डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक होते आणि त्यांच्याजवळ फक्त लाठी होती. वस्तीतला नागरिक आणि नाक्यावरचा पोलीस ही संरक्षणाची पहिली फळी. तिच्याकडे आपण किती दुर्लक्ष केले आणि तिची उणीव सैन्याविषयीच्या आदराने कशी भरून काढत आलो, हे या शहराच्या गेल्या ऐंशी वर्षांत नीट दिसते.

हा आदर मुंबईला वारशात मिळालेला नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये कुलाब्याच्या ‘तलवार’ या नाविक तळावर खलाशांनी बंड पुकारले. परळ-लालबागचे गिरणी कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांत गोरे सैनिकही होते. दोनशेहून अधिक माणसे मेली. त्या पिढीला लष्करी गाडी म्हणजे काय, हे सांगावे लागत नव्हते. स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले, कारण सैन्याने निवडून आलेल्या सरकारचा हुकूम मानला आणि राजकारणापासून अंतर राखले. हा विश्वास कमावलेला होता. जानेवारी १९९३ च्या दंगलीत मोहल्ल्यामोहल्ल्यांतून लष्कराची मागणी होऊ लागली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांच्या पक्षपाताची नोंद केली आणि सैन्याच्या प्रभावी वापराचे आदेश देण्यात सरकारने दवडलेल्या वेळेवरही ठपका ठेवला. त्या मागणीतून लोकांची लष्करावरची श्रद्धा जितकी दिसते, तितकाच खाकीवरचा उडालेला भरवसाही दिसतो.

२००८ च्या हल्ल्यानंतर हीच गोष्ट मोठ्या आवाजात घडली. ३ डिसेंबरला गेटवेवर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले. संताप रास्त होता. केंद्रीय गृहमंत्री, मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री या तिघांनाही पदे सोडावी लागली. पण गर्दीतल्या घोषणांचा रोख सगळ्याच राजकारण्यांवर होता, आणि कर भरू नका, मत देऊ नका, अशी भाषाही ऐकू येत होती. पाचच महिन्यांनी, एप्रिल २००९ मध्ये, दक्षिण मुंबईत लोकसभेचे मतदान झाले ते चाळीस टक्क्यांच्या आसपास. पुढाऱ्यांना बदलण्याचे जे एकमेव साधन हाती होते, ते वापरायला बहुतेक मतदार घराबाहेर पडले नाहीत. २०१७ मध्ये ‘प्यू’ या अमेरिकी संस्थेने केलेल्या पाहणीत भारतातल्या ५३ टक्के लोकांनी लष्करी राजवट चांगली ठरेल असे म्हटले. गेटवेवरची ती गर्दी आठवली की या आकड्याचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सैन्य काम करते, म्हणून लोक विश्वास ठेवतात. यात वाईट काय? सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मेले. त्यानंतर पूल लष्कराकडून बांधून घेतला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुलाही झाला. प्रवाशांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण पादचारी पूल बांधणे हे रेल्वेचे रोजचे काम. गर्दीच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत असताना ते का झाले नाही, हा प्रश्न जवानांच्या कौतुकात मागे पडला. माजी लष्करी अधिकारी असलेले पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनी लष्कराला अशा कामाला जुंपण्यास विरोध केला होता. ज्यांनी उत्तर द्यायचे, त्यांना वर्दीची ढाल मिळते, ही मला त्यातली खरी हानी वाटते.

दुसरा आक्षेप असा, की स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे कधी लष्करी बंड झाले नाही, मग ही चिंता कशाला? बंडाची भीती मलाही नाही. भीती आहे ती प्रश्न न विचारण्याची. मच्छीमार नगरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ‘आदर्श’ गृहनिर्माण सोसायटीची ३१ मजली इमारत उभी आहे. २०१० मध्ये तिच्यातल्या सदनिकांच्या वाटपाचा घोटाळा उघडकीस आला, तेव्हा सदनिकाधारकांत दोन माजी लष्करप्रमुख आणि एक माजी नौदलप्रमुख होते. नंतर त्यांनी सदनिका सोडण्याची तयारी दाखवली. मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. कारगिलच्या वीरांचे नाव पुढे करून हा प्रकल्प रेटला गेल्याचा बोलबाला होता. चौकशी आयोगाने मात्र जमीन राज्य सरकारची असल्याचे आणि ती कारगिलच्या वीरांसाठी राखीव नसल्याचे सांगितले. सैनिकांविषयीच्या आदराला कुणीही प्रश्न करणार नाही, या हिशेबावरच असे प्रकल्प उभे राहतात. वृत्तपत्रे, कॅग, आयोग आणि उच्च न्यायालय यांनी तो प्रश्न केला आणि त्याने सैन्याचे काही बिघडले नाही. या साऱ्या मागोव्यात लोकशाही निरोगी असल्याची मला सर्वांत भक्कम वाटणारी खूण हीच आहे.

अमेरिकेकडे पाहिले तर हाच पेच ठळक दिसतो. २०२३ मधल्या गॅलपच्या पाहणीत सैन्यावर ६० टक्के लोकांचा विश्वास होता आणि काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, ८ टक्क्यांचा. जून २०२० मध्ये अध्यक्षांच्या राजकीय फेरीत वर्दीनिशी दिसल्याबद्दल तिथले तेव्हाचे सर्वोच्च लष्करी अधिकारी जनरल मार्क मिली यांनी जाहीर माफी मागितली. इतक्या मोठ्या दरीत प्रत्येक राजकारण्याला वर्दी आपल्या शेजारी उभी हवी असते आणि ती उभी राहिली की तिच्यावरचा विश्वासही पक्षापक्षांत वाटला जातो. म्हणून नुसत्या ६० या आकड्यावर समाधान मानता येत नाही. त्याच्या शेजारचा ८ अधिक काही सांगतो.

आपल्या शहरापुरते बोलायचे तर मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात कुलाब्याच्या कोळीवाड्याला गटार, धक्का किंवा दिव्याची तक्रार घेऊन जायला नगरसेवकच नव्हता. त्यासाठी गेटवेवर मेणबत्त्या पेटल्या नाहीत.